संस्थेच्या ज्युदो वर्गात पहिल्यांदा जाताना

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की आमच्या ज्युदो वर्गाच्या दारात नवी मंडळी दिसू लागतात. कुणी मुलाला घेऊन येतं, कुणी कॉलेजातून परस्पर येतं, एखादी पस्तिशीची बाई चौकशी आपल्यासाठी की मुलीसाठी हे न सांगताच माहितीपत्रक घेऊन जाते. प्रश्न बहुतेकांचे सारखेच असतात: फी किती, काळा पट्टा कधी मिळतो, मार लागतो का? मी स्वतः तिशी ओलांडल्यावर नाशिकच्या अशाच एका वर्गात नाव घातलं. ना नफा तत्त्वावरची ही संस्था शाळेचं सभागृह वापरते आणि वर्गणीवर चालते. आता प्रवेशाचे अर्ज मीच पाहते, म्हणून दरवर्षी तोंडी सांगते ते सगळं इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ज्युदो एकट्यानं शिकता येत नाही. सरावात तुमचं अंग समोरच्याच्या हातात असतं आणि त्याचं तुमच्या. म्हणून क्लब निवडताना भिंतीवरची पदकं किंवा सभागृहाचा झगमगाट पाहू नका. तिथली माणसं एकमेकांना सांभाळून खेळतात का, एवढं बघा.

१. आधी वर्ग पाहून या, नाव नंतर घाला

क्लब शोधायला सर्वांत भरवशाची जागा म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय. ते बहुतेक ठिकाणी जिल्हा क्रीडा संकुलातच असतं. तिथे जिल्हा ज्युदो संघटनेच्या पदाधिकाऱ्यांची माहिती मिळते आणि त्यांच्याकडून गावातले चालू वर्ग कळतात. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना विचारलं तरी चालतं, शालेय स्पर्धांमुळे त्यांची सगळ्यांशी ओळख असते. संस्थांचे वर्ग बऱ्याचदा व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर, समाजमंदिरात किंवा शाळेच्या सभागृहात भरतात. जागा साधी दिसली म्हणून मागे फिरू नका.

एक अख्खा वर्ग बसून पाहा. सुरुवातीची दहा मिनिटं पाहून काहीच कळत नाही, खरं चित्र शेवटच्या अर्ध्या तासात दिसतं. तेव्हा मुलं दमलेली असतात आणि प्रत्यक्ष लढतींचा सराव चालू असतो.

आधी मॅट पाहा. ज्युदोची मॅट साधारण एक मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि चार सेंटिमीटर जाड असते. दोन मॅटच्या मध्ये फट पडली की त्यात पायाचं बोट अडकतं. चांगल्या वर्गात सर किंवा मोठी मुलं सरावाच्या मध्येच थांबून त्या फटी बंद करताना दिसतील. मॅटच्या कडेला खांब किंवा भिंत असेल तर तिला फोम बांधलेला हवा. नुसत्या सतरंजीवर किंवा पातळ योगा मॅटवर मुलांना फेकत असतील, तर तिथे नाव घालू नका. ते लोक कितीही प्रेमळ असले तरी नकोच.

मग माणसं पाहा. नव्या मुलांना वेगळं काढून पडायला शिकवतात का? पन्नास किलोच्या मुलासमोर पंचवीस किलोचं मूल उभं करत नाहीत ना? एखादं मूल रडलं तर सर त्याच्याजवळ जातात की लांबून ओरडतात? कुणी हात आपटून हार मानली तर समोरचा त्याच क्षणी सोडतो का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कधी कधी’ असं दिसलं तर दुसरा क्लब शोधा.

पालकांना वर्ग पाहायला बसू देतात का, हेही विचारा. लहानांच्या वर्गात पालकांना कायम बंदी असणं मला पटत नाही. ज्युदोत अंगाला हात लावूनच शिकवावं लागतं, त्यामुळे दार उघडं असणं, मुलींच्या वर्गाला एखादी महिला प्रशिक्षक किंवा मोठी ताई हजर असणं आणि तक्रार कुणाकडे करायची हे सगळ्यांना माहीत असणं आवश्यक आहे. मुलाला सरावाच्या स्पर्शातला आणि नको असलेल्या स्पर्शातला फरक घरी समजावून सांगा. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक सूचना फलकावर लावलेला असला तर उत्तम. नसेल तर लावायला सांगा.

२. नोंदणी आणि प्रशिक्षकाची पात्रता विचारा

हे विचारायला लोक संकोचतात. चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही.

महाराष्ट्रात अशा संस्था सहसा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली आणि त्याबरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदलेल्या असतात. नोंदणी क्रमांक पावतीवर आणि लेटरहेडवर छापलेला असतो. न्यासाच्या क्रमांकाआधी बहुधा ‘एफ’ किंवा ‘ई’ हे अक्षर दिसतं. वर्गणी, प्रवेश शुल्क, परीक्षेची फी, देणगी या प्रत्येक रकमेची पावती घ्या. देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेकडे ८० जी ची मान्यता आहे का ते आधी विचारा. ना नफा संस्था म्हटली की तिला ही मान्यता असतेच असं नाही.

दुसरा प्रश्न प्रशिक्षकाबद्दल. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षण अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना आपल्याकडे ‘एनआयएस कोच’ म्हणतात. तो झालेला असेल तर चांगलंच. नसेल तर त्यांचा दान (काळ्या पट्ट्याचा दर्जा) कोणता, तो कुणी दिला, ते किती वर्षं शिकवताहेत आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का, हे विचारा. शेवटची गोष्ट मी पात्रतेत सर्वांत वर धरते.

तिसरा प्रश्न: क्लब कोणत्या जिल्हा संघटनेशी संलग्न आहे आणि ती संघटना राज्य संघटनेला जोडलेली आहे का? आपल्या देशात जवळपास प्रत्येक खेळात समांतर संघटना आहेत. ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ अशी भारदस्त नावं लावून स्पर्धा भरवणाऱ्यांचं प्रमाणपत्र पुढे सरकारी कामात चालेलच असं नाही. फक्त तब्येतीसाठी खेळायचं असेल तर हा मुद्दा सोडून दिला तरी चालेल. मुलाला पुढे स्पर्धांत उतरवायचं असेल तर मात्र आजच विचारून ठेवा.

३. कागदपत्रं

बहुतेक ठिकाणी एवढं लागतं:

- संस्थेचा प्रवेश अर्ज आणि दोन ते चार पासपोर्ट आकाराचे फोटो
- जन्मदाखला आणि आधार कार्डाची प्रत
- शालेय विद्यार्थ्यांसाठी बोनाफाइड प्रमाणपत्र (शालेय स्पर्धेच्या वेळी लागतंच)
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र
- १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांचं संमतीपत्र
- रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि तातडीच्या वेळी फोन करायचे दोन क्रमांक

यातला नेहमीचा सापळा म्हणजे जन्मतारीख. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी, किंवा नावाचं स्पेलिंग वेगळं. वर्गात यामुळे काही अडत नाही, पण स्पर्धेत वयोगट ठरवताना नेमकं यावरच अडतं आणि वजन झालेलं मूल रडत परत येतं. प्रवेश घेतानाच सगळे कागद शेजारी ठेवून एकदा ताडून पाहा. दुरुस्तीला वेळ लागतो.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसतं ‘व्यायामासाठी सर्टिफिकेट द्या’ म्हणू नका. या खेळात पाठीवर पडावं लागतं, मानेवर ताण येतो, हे त्यांना सांगा. मानेचा किंवा कमरेचा मणका, डोळ्यांचा पडदा, हृदय, फिट्स, आधी निखळलेला खांदा, यांपैकी काहीही असेल तर ते डॉक्टरांपासूनही लपवू नका आणि सरांपासूनही. दम्याची मुलं आमच्याकडे व्यवस्थित खेळतात, फक्त पंप बॅगेत असतो आणि तो कुठल्या कप्प्यात आहे हे सरांना माहीत असतं.

अपघात विम्याचं विचारून घ्या. संस्थेनं काढलेला असला तरी त्यात सरावातली दुखापत धरली आहे की फक्त स्पर्धेतली, हे पॉलिसी वाचल्याशिवाय कळत नाही.

४. पोशाखाची घाई नको

पहिले काही आठवडे जाड ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा मजबूत टीशर्ट चालतो. चेन, बटणं आणि खिसे नसलेले कपडे घाला. त्यात बोटं अडकतात.

मूल टिकतंय असं वाटलं की मगच गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, घ्या. बरेच पालक उत्साहाच्या भरात दुकानातून कराटेचा ड्रेस आणतात. दिसायला तो सारखाच असतो, पण कापड पातळ असतं आणि ज्युदोच्या ओढाताणीत खांद्यावर दोन दिवसांत टरकतो. ज्युदोच्या जॅकेटचं विणकाम जाड, दाणेदार असतं आणि गळपट्टी भरीव असते. सुती गी पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून बाही मनगटाच्या थोडी पुढे जाईल असाच आकार घ्या. नवशिक्याला पांढराच पुरे. निळा गी मोठ्या स्पर्धांत दोन खेळाडू वेगळे ओळखू यावेत म्हणून असतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेचा शिक्का असलेला महागडा गी तुम्हाला अजून कित्येक वर्षं लागणार नाही. अनेक संस्थांकडे मोठ्या झालेल्या मुलांचे गी ठेवलेले असतात, ते मागायला लाजू नका.

मुली आणि महिला जॅकेटच्या आत पांढरा, गोल गळ्याचा टीशर्ट घालतात. केस कापडी रबरानं बांधायचे, धातूची क्लिप नको.

दागिने सगळे घरी ठेवून यायचे. इथे मी आग्रही आहे. कानातले, अंगठी, बांगड्या, नाकातली चमकी, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, जोडवी, मनगटावरचा कडक दोरा, ताईत, कमरेची साखळी, यातलं काहीही मॅटवर चालत नाही. टेप लावून झाकलं तरी बोट मोडायचं ते मोडतंच. घरच्यांना हे आधी समजावून ठेवा म्हणजे दारात वाद होत नाही.

५. पहिला दिवस

पंधरा मिनिटं आधी या, कारण संस्थेच्या वर्गात मॅट घालणं हा सरावाचाच भाग असतो. शाळेचं सभागृह दिवसा दुसऱ्या कामाला लागतं, त्यामुळे रोज मॅट घालायच्या आणि रोज उचलायच्या. पहिल्याच दिवशी हात लावलात की सगळ्यांशी ओळख होऊन जाते.

हातापायाची नखं कापलेली हवीत, पाय धुतलेले हवेत. चपला मॅटच्या कडेला, तोंड बाहेरच्या बाजूला करून ओळीत. संडासला किंवा पाणी प्यायला जाताना चपला घालूनच जायचं. अनवाणी बाहेर जाऊन पुन्हा मॅटवर येणं हा या वर्गात सर्वांत मोठा असभ्यपणा समजला जातो, आणि तो समज योग्यच आहे, कारण त्याच मॅटवर सगळ्यांचे गाल टेकणार असतात. जेवण दोन तास आधी झालेलं बरं.

वर्ग वाकून नमस्कार करून सुरू होतो आणि तसाच संपतो. ही पूजा नव्हे. मॅटवर येताना, सरांना आणि प्रत्येक जोडीदाराला सरावाआधी आणि नंतर वाकायचं, एवढंच. काही घरांतून विचारणा होते म्हणून सांगते, यात कुठल्याही धर्माचं काही नाही.

शब्द जपानी असतात. ‘हाजिमे’ म्हणताच सुरू करायचं, ‘माते’ म्हणताच त्या क्षणी थांबायचं. या दोन शब्दांवर पहिल्या दिवसापासून अंग हललं आणि थांबलं पाहिजे. बाकीचे शब्द कानावर पडत पडत येतात, वहीत लिहून पाठ करत बसू नका.

६. पडायला शिका, आणि त्याला लागेल तितका वेळ द्या

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात महत्त्वाचाही हाच आहे. पडण्याच्या तंत्राला उकेमी म्हणतात. मागे, उजव्या-डाव्या कुशीवर, पुढे, आणि खांद्यावरून गोल पलटी घेऊन, असे चार प्रकार. सुरुवात झोपून होते, मग बसून, मग उकिडवं बसून, मग उभं राहून. हा क्रम मोडणारा वर्ग चांगला नाही.

मागे पडताना हनुवटी छातीला लावायची. नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवली की हनुवटी आपोआप आत जाते. हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हातांनी मॅटवर चापट. श्वास सोडायचा. कुशीवर पडताना पाय एकमेकांवर चढवायचे नाहीत, गुडघे आणि घोटे एकमेकांवर आदळतात.

एक सवय मोडायला फार जड जाते. तोल गेला की माणूस हात मागे टेकवून स्वतःला सावरायला बघतो. ज्युदोत तोच हात मनगटात, कोपरात किंवा गळ्याच्या हाडाशी मोडतो. मोठ्या वयात शिकणाऱ्यांमध्ये ही सवय जास्त पक्की असते. लहान मुलं आठवड्याभरात सोडून देतात, आपल्याला महिने लागू शकतात. लागू द्या.

मी यावर इतकं का लिहिते आहे, तेही सांगते. जपान हे ज्युदोचं घर. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योतल्या एका बौद्ध मंदिराच्या आवारात बारा मॅटच्या जागेत कोदोकान सुरू केलं, तिथून हा खेळ जगभर गेला. त्याच जपानमध्ये १९८३ पासूनच्या तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. त्यांत मोठा वाटा डोक्याच्या दुखापतींचा होता आणि बळी पडलेल्यांत नुकतीच सुरुवात केलेली मुलं बरीच होती. पडायला नीट न शिकलेल्या मुलाला जोरात मागे फेकलं की डोकं आदळतं. विशेषतः ओ-सोतो-गारी, म्हणजे बाहेरून पाय झाडून मागे पाडण्याचा डाव, नवशिक्यावर टाकताना फार सांभाळावं लागतं. ही माहिती पुढे आल्यावर जपाननं शिकवण्याच्या पद्धती आणि सुरक्षेचे नियम कडक केले. आपणही तेच करायचं आहे.

म्हणून तुमच्या किंवा मुलाच्या बाबतीत सर ‘अजून फेकून घ्यायचं नाही’ म्हणाले तर ते मागे ठेवत आहेत असं समजू नका. उलट आठवड्यातच रांदोरीला, म्हणजे मोकळ्या लढतीच्या सरावाला, उभं केलं, तर तुम्ही स्वतः ‘मला अजून पडता येत नाही’ असं सांगा. हे सांगायचा हक्क प्रत्येकाला आहे.

डोकं आपटलंच तर त्या दिवशी सराव संपला. डोकेदुखी, उलटी, झोपाळूपणा, गोंधळल्यासारखं बोलणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालयात जा. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मॅटवर यायचं नाही, दोन दिवसांत बरं वाटलं तरीही. पहिली दुखापत भरून यायच्या आत डोक्याला दुसरा मार बसणं जीवावर बेतू शकतं.

७. पकड, फेक आणि जोडीदार

पडणं जमू लागलं की पकड शिकवतात: एक हात समोरच्याच्या बाहीवर, दुसरा गळपट्टीवर. मग उचिकोमी, म्हणजे न फेकता तोच डाव पुन्हा पुन्हा घालण्याचा सराव. पहिल्या डावांत बहुधा ओ-गोशी हा कमरेवरून फेकण्याचा डाव असतो आणि जमिनीवर केसा-गातामे ही पकड. कोदोकानच्या यादीत फेकण्याचे ६८ आणि जमिनीवरचे ३२ असे एकूण १०० डाव आहेत. चांगले खेळाडू आयुष्यभर त्यातले चार-पाच घासत असतात. म्हणून व्हिडिओ पाहून रोज नवा डाव मागू नका.

फेकणाऱ्यासाठी एक नियम असा की समोरच्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही. तो खाली जात असताना बाही वर ओढून धरली की त्याचं डोकं वाचतं आणि तो कुशीवर व्यवस्थित पडतो. बाही सोडून दिली तर फेक कितीही देखणी असली तरी ती अर्धवट आहे. आमच्या वर्गात मोठ्या पट्ट्याच्या खेळाडूची पारख मी यावरून करते: त्याच्याशी खेळून उठल्यावर लहान मुलं हसत असतात की अंग चोळत?

जमिनीवरच्या खेळात हार मानायची तर हातानं दोनदा आपटायचं, मॅटवर किंवा समोरच्याच्या अंगावर. हात अडकला असेल तर पायानं आपटा, तोंडानं ‘माईत्ता’ म्हणा किंवा नुसतं ओरडा. आपटायला उशीर करू नका. गळा आवळणं आणि कोपराचं कुलूप लहान मुलांना शिकवत नाहीत, त्यामुळे पोरवयातल्या वर्गात ते दिसलं तर सरांना विचारा.

आपल्याकडे तालमीतून ज्युदोत येणारी मुलंही बरीच. त्यांची ताकद, तोल आणि धीर यांना तोड नसते. धोबीपछाड येणाऱ्याला इप्पोन-सेओई-नागे हा खांद्यावरून फेकण्याचा डाव चटकन जमतो, कलाजंग येणाऱ्याला काता-गुरुमा हा खांद्यांवर उचलून फेकण्याचा डाव ओळखीचा वाटतो. कानोंनी काता-गुरुमा बसवला तोही पाश्चात्त्य कुस्तीचा अभ्यास करूनच. पण दोन गोष्टी त्यांना सोडाव्या लागतात. एक म्हणजे पट काढणं. उभ्या लढतीत हातानं पाय पकडायला आंतरराष्ट्रीय नियमांत २०१३ पासून पूर्ण बंदी आहे. दुसरी म्हणजे पडताना पाठ वाचवायला हवेत वळून डोक्याच्या टाळूवर किंवा मानेवर अंग तोलणं. कुस्तीत चितपट टाळायला तो पूल बांधणं हे कौशल्य आहे, ज्युदोत ते मानेला धोकादायक ठरतं आणि नियमानंही चालत नाही.

रांदोरी म्हणजे मोकळा सराव. तिथे जिंकायला जाऊ नका. ताठ हातांनी समोरच्याला लांब ढकलत राहिलात तर पडणार नाही खरे, पण शिकणारही नाही. दहादा पडा आणि एकदा डाव घालून बघा. स्वतःहून मोठ्या पट्ट्याला ‘माझ्याशी खेळाल का’ असं विचारा, ते नाही म्हणत नाहीत. दमलात, लागलंय किंवा एखाद्याचा जोर झेपत नाही असं वाटलं तर वाकून बाजूला बसा.

ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, त्यांच्यासाठी हा खेळ फार जवळचा आहे. तिथे लढत दोघांची पकड बसवूनच सुरू होते. मध्य प्रदेशच्या कपिल परमार यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, पॅरालिंपिकमधलं भारताचं ज्युदोतलं ते पहिलं पदक. घरात असं मूल असेल तर जवळच्या क्लबला नक्की विचारा. आणि मुलींबद्दल शंका काढणाऱ्या आजी-आजोबांना मणिपूरच्या सुशीला देवींचं नाव सांगा. ४८ किलो गटात राष्ट्रकुल स्पर्धेत दोन रौप्यपदकं, २०१४ आणि २०२२, आणि तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदोत भारताकडून त्या एकट्याच होत्या.

८. कातडी, घाम आणि पावसाळा

आपल्या हवेत सर्वांत जास्त पसरतं ते गजकर्ण. गोल, लालसर, खाजणारा चट्टा दिसला तर तो पूर्ण बरा होईपर्यंत मॅटवर यायचं नाही, आणि सरांना सांगायचं म्हणजे जोडीदारांनाही तपासता येतं. औषधाच्या दुकानातून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. त्यांनी खाज थांबते आणि चट्टा आतून पसरत राहतो. त्वचारोगतज्ज्ञ सांगतील तितके दिवस औषध पूर्ण करा.

गी प्रत्येक सरावानंतर धुवा. गार पाण्यात धुऊन सावलीत, वाऱ्याला वाळवा. पावसाळ्यात जाड जॅकेट दोन दोन दिवस वाळत नाही आणि दमट गी घालून आलं की वासही येतो आणि बुरशीही. त्या चार महिन्यांपुरतं जुनं का होईना, दुसरं जॅकेट हाताशी ठेवा. सरावानंतर घरी जाऊन लगेच आंघोळ करायची, अंथरुणावर बसायच्या आधी.

९. पट्टे, परीक्षा आणि स्पर्धा

पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी आणि मग काळा, असा आपल्याकडचा नेहमीचा क्रम. काळ्या पट्ट्यापर्यंत नियमित सरावाचीही बरीच वर्षं जातात. ‘एका वर्षात ब्लॅक बेल्ट’ अशी जाहिरात दिसली तर तिथून निघा. परीक्षेची फी वेगळी असते. ती किती, कधी आणि नापास झाल्यास पुन्हा भरावी लागते का, हे आधी विचारून ठेवा.

स्पर्धेची घाई करू नका. मुलानं वर्गात निदान काही महिने वेगवेगळ्या वयाच्या, वजनात फार तफावत नसलेल्या जोडीदारांशी खेळलेलं असावं. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, जिल्ह्यापासून विभाग आणि राज्यापर्यंत. त्यांचा अर्ज शाळेमार्फत जातो, क्लबमार्फत नाही, त्यामुळे जुलैपासूनच क्रीडाशिक्षकांच्या संपर्कात राहा.

दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण किंवा सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण डोळ्यांसमोर ठेवून काही पालक येतात. त्यात गैर काही नाही. पण कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं याचे शासन निर्णय बदलत असतात, म्हणून स्पर्धेची फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. प्रमाणपत्र हातात आल्यावर विचारून उपयोग होत नाही.

वजनासाठी मुलांना उपाशी ठेवणं, पाणी तोडणं, प्लास्टिक गुंडाळून पळवणं हे कुठल्याही वयोगटात दिसलं तर विरोध करा. वाढत्या वयाच्या मुलानं आहे त्या वजनगटात खेळावं. एक गट वर गेला म्हणून काहीही बिघडत नाही.

१०. सभासद म्हणून

अशा संस्थेत वर्गणी कमी असते, कारण बऱ्याच गोष्टी कुणीतरी फुकट करत असतं. सर ऑफिस संपवून थेट येतात, हिशेब कुणाची तरी आई लिहिते, मॅट पुसायचं जंतुनाशक कुणीतरी येता येता घेऊन येतं. वर्गणी वेळेवर भरणं ही किमान गोष्ट झाली. त्यापलीकडे तुमचं जे कौशल्य असेल ते सांगा. डॉक्टर असाल तर स्पर्धेच्या दिवशी बसा, शिवणकाम येत असेल तर फाटलेल्या गळपट्ट्या शिवा, गाडी असेल तर चार मुलांना स्पर्धेला सोडा. प्रशिक्षकाच्या शिकवण्यात मात्र कडेला बसून सूचना करू नका. मुलाच्या लढतीत तर मुळीच नको, त्याला दोन आवाजांत कुणाचं ऐकावं ते कळत नाही. काही खटकलं तर वर्ग संपल्यावर सरांशी बाजूला बोला. तिथे सुटलं नाही तर कार्यकारिणीला लेखी द्या.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लागली की जा. ताळेबंद वाचा आणि मॅट बदलायला किती पैसे बाजूला काढलेत ते विचारा. मॅटचा फोम वर्षानुवर्षांच्या वापरानं बसतो आणि कडक होतो, आणि तो खर्च संस्थेला एकदम झेपत नाही. हा प्रश्न सभेत दोन-तीन वर्षं कुणी ना कुणी विचारत राहिलं तरच त्यासाठी निधी उभा राहतो.

परीक्षा, बाळंतपण, बदली, आजारपण अशा कारणांनी काही महिने खंड पडणार असेल तर कळवून ठेवा, बऱ्याच संस्था तेवढ्या काळाची वर्गणी घेत नाहीत. परत आलात की थेट रांदोरीत उतरू नका. तुमचा पट्टा कुठलाही असो, पहिले दोन आठवडे नव्या मुलांच्या रांगेत उभे राहून मागे पडण्यापासून सुरुवात करा.